दुसरी चावी

गाडी नव्हती. आंबिवलीला हौसाबाईंच्या घरासमोर विजेच्या खांबाला लागून मी ती उभी केलेली, आणि आता तिथे ऑइलचा एक डाग होता, बाकी काही नाही. खांद्याला रक्ताच्या नमुन्यांची पेटी, पेटीत बर्फ, चार घरांच्या नळ्या, मुठीत चावी, आणि चावी लावायला गाडीच नाही. सकाळचे सव्वाआठ वाजलेले. समोरच्या टपरीवर पाव उतरवत होते, शाळेची मुलं चाललेली, कोणाचंच माझ्याकडे लक्ष नव्हतं. अशा वेळी माणूस ओरडतो म्हणे. मी नाही ओरडले. मी त्या डागाकडे बघत राहिले, आणि मनात पहिला कोण आला तर चोर नाही, माझा नवरा. सुदेशना जाऊन चार वर्षं झाली. मेलेला माणूस उठून आंबिवलीला येत नाही आणि स्कूटी घेऊन जात नाही, एवढं मला कळतं, माझं डोकं ठिकाणावर आहे. पण पोटात जो खड्डा पडला तो ओळखीचा होता, अगदी तोच, अकरा वर्षांपूर्वीचा. मी पेटी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. बर्फ वितळायच्या आत कल्याणला लॅबमध्ये पोचायचं होतं.

वरून हौसाबाईंनी बघितलं. ब्याऐंशीच्या आहेत, दंडाला मी लावलेला कापसाचा बोळा अजून दाबून धरलेला, तशाच गॅलरीत आल्या. "काय झाला गो बाय? गारी कुठं गेली तुजी?" मी म्हटलं, "गेली असेल कुठे चहा प्यायला." त्या हसल्या नाहीत. "जुनी गारी कोन नेल गो?" हे मात्र मला लागलं. जुनी! सोळा वर्षांची आहे, मान्य. उजवा आरसा नाही, पुढचं प्लास्टिक दोन ठिकाणी शिवल्यासारखं तारेने बांधलेलं. पण पंधरा वर्षं झाली तेव्हा आरटीओत मी स्वतः रांगेत उभी राहून तिची पाच वर्षं वाढवून आणलीत. आणि ती नसती तर या हौसाबाईंची उपाशीपोटीची साखर तपासायला आंबिवलीपर्यंत आलं असतं कोण? मी नीला. छप्पन्न वर्षांची आहे. लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्त काढते. सकाळी सहा ते दहा, कल्याण, शहाड, आंबिवली, कधी मोहने. रिक्षाने हे काम होत नाही. एका घरी दहा मिनिटं, बाहेर रिक्षा थांबत नाही, आणि उपाशी बसलेली म्हातारी माणसं घड्याळाकडे बघत असतात. गाडी आहे तर काम आहे, काम आहे तर मी आहे. हे मी घरात शंभरदा सांगितलंय.

लॉक खराब झालेलं, हे मात्र खरं. कोण नाही म्हणतंय? तीन वर्षांपूर्वी पहिल्यांदा चावी अडकली, मग रोजच अडकायला लागली, मग मला तिची रीत कळली. चावी पूर्ण आत घालायची, गव्हाच्या दाण्याएवढी मागे घ्यायची, हँडल किंचित उजवीकडे, अंगठ्याने चावी खाली दाबायची, आणि दाबलेली ठेवूनच फिरवायची. हे सांगून कळत नाही. संचिता, माझी सून, एकदा भाजी आणायला घेऊन जाते म्हणाली आणि दहा मिनिटं खटपट करून परत वर आली. माझ्या हाताला मात्र पहिल्या फटक्यात लागायची. रक्ताच्या शिरेचंही तसंच असतं. बारीक शिरेची माणसं असतात, दोन-दोन ठिकाणी टोचून बाकीचे हात टेकतात, मग लॅबवाले म्हणतात नीलाताईंना पाठवा. शीर डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागते. खाली काहीतरी उसळतं, बस, तिथेच. साकेतला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, "आई, शीर आणि इग्निशन सेम नाहीये." साकेत माझा मुलगा. हुशार आहे, ठाण्याला टेंभी नाक्याजवळ एका कंपनीत सेफ्टीचं बघतो, आग लागली तर माणसांनी कुठल्या जिन्याने उतरायचं वगैरे. दोन महिने झाले, जेवताना रोज एकच टेप. आई, लॉक गेलंय, कोणीही नेईल. आई, चालत्या गाडीत चावी बाहेर येते, हे नॉर्मल आहे का? आई, काढून टाक ती गाडी. लॉक बदलून घेऊ, असं एकदाही म्हणाला नाही. लॉक खराब म्हणून गाडी काढा, गाडी गेली म्हणून काम सोडा, काम सोडलं म्हणून घरी बसा. तो एवढं पुढचं बोलायचा नाही. पण मला ऐकू यायचं.

रिक्षात बसले आणि कल्याण म्हटलं. पेटी मांडीवर घेतली, गारवा साडीतून गुडघ्याला लागत होता. अकरा वर्षांपूर्वी मी ठाण्याला एका दवाखान्याच्या लॅबमध्ये होते, रोज सकाळी स्कूटी कल्याण स्टेशनच्या पार्किंगमध्ये लावायची आणि संध्याकाळी घ्यायची. ती गाडी मी माझ्या पगारातून घेतलेली, कागदावर नाव माझं. तरी शोरूममधल्या माणसाने नारळ फोडला, हार घातला आणि दोन्ही चाव्या ठेवल्या त्या सुदेशच्या हातावर. "घ्या साहेब." सुदेशनी एक माझ्याकडे दिली, एक स्वतःच्या खिशात घातली. त्यांना गाडी चालवता येत होती, पण ते चालवत नसत, बायकांची गाडी म्हणायचे. मग चावी कशाला? म्हणाले, असू दे एक माझ्याकडे, हरवलीबिरवली तर. मला तेव्हा ते काळजीचं वाटलं. गोड वाटलं, खोटं कशाला बोलू. मग त्या वर्षी नवरात्रात टेंभी नाक्यावर देवीच्या दर्शनाला आम्ही लॅबमधल्या चौघी गेलो. घरी सांगायचं राहिलं. रांग होती, तासभर गेला, हसत-खिदळत परत आले, पार्किंगमध्ये गेले, तर गाडी नाही. ओळीत दोन गाड्यांच्या मध्ये एक रिकामी जागा. मी तशीच चौकीत गेले. हवालदाराने कागद पुढे ओढला आणि विचारलं, "चाव्या कोणाकोणाकडे आहेत?" म्हटलं, "एक माझ्याकडे, एक मिस्टरांकडे." त्याने पेन खाली ठेवलं. "ताई, आधी घरी फोन करा." आणि हसला. त्या हवालदाराला जे दोन वाक्यांत कळलं ते मला कळायला घरी जावं लागलं. गाडी कंपाउंडमध्ये उभी होती. सुदेश खुर्चीत बसून चहा पीत होते. म्हणाले, "बघत होतो, किती वेळात आठवण येते घराची."

मी काय बोलले तेव्हा? काही नाही. पानं वाढली. साकेत अठरा वर्षांचा होता, समोर बसून जेवत होता, त्याने सगळं ऐकलं, आणि आम्ही तिघांनी वरण-भात खाल्ला. तेच मला आज रिक्षात बसून सहन होईना. शहाडच्या पुलावर रिक्षा थांबली तर मी त्या ड्रायव्हरवर उगाच ओरडले, "चला की हो, बर्फ आहे माझ्याकडे!" तो बिचारा आरशातून बघत राहिला. मोठ्याने काही बोलायचं होतं तर ते अकरा वर्षांपूर्वी, घरात, चहाच्या कपासमोर. आणि मी गिळलं ते. वर स्वतःला सांगितलं की मी समजूतदार आहे.

नळ्या लॅबमध्ये देऊन पायरीवर बसले तेव्हा मोबाइल वाजला. आमच्या घरच्यांचा ग्रुप. साकेतने व्हिडिओ टाकलेला. विजेचा खांब, माझी गाडी, आणि त्याचा हात. हातात एक चपटी, छोटीशी चावी. आवाज त्याचाच, ऑफिसात लोकांना समजावतात तसा. "ही माझ्या ऑफिसच्या ड्रॉवरची चावी आहे. ड्रॉवरची. आता बघा." चावी आत गेली, जराशी हलवली, फिरली. दिवा लागला. बटण दाबलं, गाडी सुरू. "सात सेकंद," साकेत म्हणाला. "आईची गाडी चोरायला सात सेकंद लागतात." खाली सगळ्यांचे अंगठे. माझ्या नणंदेने, गोदावन्संनी, लिहिलेलं, 'शाब्बास साकेत. नीला, आता पुरे गं. वय झालं.' पंधरा जण आहेत त्या ग्रुपवर. पंधरा जणांनी माझी गाडी चोरीला जाताना बघितली आणि अंगठा दाखवला. मी तो व्हिडिओ तीनदा बघितला. लॉककडे नाही, त्याच्या हाताकडे बघत होते. सुदेशचा हात. तीच रुंद नखं. फ्रिजवर माझी आठवड्याची यादी चिकटवलेली असते, कुठल्या दिवशी कोणाचं घर, ती बघून तो तिथवर आलेला, लपून थांबलेला, मी जिना चढून जायची वाट बघत. स्वतःच्या आईच्या मागे. कर्म माझं.

घरी पोचले तर गाडी कंपाउंडमध्ये, अगदी तिथेच, पाण्याच्या टाकीशी. साकेत डबा भरून निघायच्या तयारीत. "चिडू नकोस हां," तो आधीच म्हणाला. "तुला नुसतं सांगून कळत नव्हतं. म्हणून दाखवलं."

"माझ्याकडे चार घरांचं रक्त होतं, साकेत."

"मला माहितीये. रिक्षा मिळते तिथे, मी बघून ठेवलेलं. आई, मी नेली म्हणून घरी आली. दुसऱ्या कोणी नेली असती तर?"

"दुसऱ्या कोणी नेली असती तर मी पोलिसात गेले असते. तू नेलीस तर कुठे जाऊ?"

संचिता ओट्याशी उभी होती, तिने गॅस बारीक केला. मग साकेतने तो काळजीचा आवाज काढला, हळू, मऊ. "रविवारी सकाळी एक माणूस येतोय, नयन म्हणून. जुन्या गाड्या घेतो. घेऊन जाईल. तुझी सही लागेल फक्त. मग तू आराम कर ना. कोणासाठी करतेस एवढं?" कोणासाठी! मी माझ्यासाठी करते, असं म्हणायला तोंड उघडलं आणि मला सुदेश दिसले, खुर्चीत, चहा. त्यांची चावी ते गेल्यावर मी कपाटात, कपड्यांच्या खिशात, सगळीकडे शोधली, मिळाली नाही. आता साकेतला तर चावीसुद्धा लागली नाही. मी म्हटलं, "बाबांनी पण असंच केलेलं. आठवतं?" तो म्हणाला, "आई, प्लीज. ते वेगळं. बाबा त्रास द्यायला करायचे. मी तुझ्या काळजीने केलं." आणि खरंच तसंच आहे, हेच तर वाईट. तो खोटं बोलत नव्हता. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. पण त्या खांबाखाली उभी राहिले तेव्हा पोटातला खड्डा तेवढाच खोल होता, काळजीचा म्हणून एक इंचही कमी नाही. मी पर्स उचलून आत गेले.

दुपारभर पडून राहिले, झोप कसली येते. त्याचं बरोबर असेल का, हेही येऊन गेलं मनात. येतंच ना. मागच्या महिन्यात एका बाईच्या हाताला मला दोनदा टोचावं लागलं. उजव्या अंगठ्याचं पेर सकाळी दुखतं, रोज ती चावी दाबून दाबून तिथे घट्टा पडलाय. त्या घट्ट्यावरून मी बोट फिरवत बसले. आणि एकदम मला माझीच चीड आली. तीन वर्षं मी त्या मोडक्या लॉकची रीत शिकले, अंगठा झिजवला, आणि वर मिरवलं की बघा, माझ्याशिवाय कोणाला जमत नाही. सुदेशच्या बाबतीतही मी हेच केलं. त्यांना कसं बोलायचं, कधी गप्प बसायचं, किती दाबायचं, केव्हा सोडायचं, सगळं हाताला माहीत. गोदावन्सं म्हणायच्या, दादाला सांभाळावं ते नीलानेच. मला त्याचा अभिमान वाटायचा! अगं बाई, लॉक बदलायचं असतं. साधी गोष्ट. लॉक खराब झालं की लॉक बदलायचं, गाडी नाही आणि स्वतःचा हातही नाही.

शुक्रवारी कामं उरकून गाडी घेऊन काळुरामकडे गेले. कल्याणच्या बाजारात एका दुकानाच्या जिन्याखाली तो बसतो, मागे तारेला शेकडो चाव्या टांगलेल्या. त्याने माझी चावी हातात घेतली, उन्हात धरली, हसला. "ताई, हिचे दात कुठेत? पडले सगळे." मग पुढचं प्लास्टिक उघडून लॉक बाहेर काढलं आणि आतला गाभा माझ्या तळहातावर ठेवला. बोटाच्या पेराएवढा. त्यात पितळेच्या बारीक पत्त्या, चावी बरोबर असेल तर त्या सरळ होतात आणि वाट देतात, चूक असेल तर अडवतात. माझ्या लॉकमधल्या पत्त्या गुळगुळीत झालेल्या, काही आत बसलेल्याच. "अडवायला काही राहिलंच नाही," काळुराम म्हणाला. "येईल त्याला सोडतंय." मग म्हणाला, "डायरेक्ट करून देऊ का? चावीच नको. बटण दाबा, चालू. पुष्कळ जण करून घेतात." मी म्हटलं, "नाही. मला अडवणारं लॉक पाहिजे." त्याला हसू आलं, पण त्याने नवा सेट काढला, सीटचं लॉकही त्यातलंच. बसवायला पाऊण तास लागला, मी स्टुलावर बसून त्याची बोटं बघत राहिले. झाल्यावर त्याने दोन चाव्या तारेत ओवून पुढे केल्या. "एक घरात देऊन ठेवा, साहेबांकडे, मुलाकडे." "दोन्ही इकडे द्या," मी म्हटलं. जुनी चावी तो डब्यात टाकत होता, तीही मागून घेतली.

रविवारी माझी दोनच घरं असतात, तीही आठनंतरची. साडेसात वाजता नयन आला. बरा दिसला, पायातल्या चपला दाराबाहेर नीट काढल्या त्याने. गाडी बघून आलो म्हणाला, सुरू करून बघायची. साकेत माझ्याकडे वळला आणि हात पुढे केला, तळवा वर. काही बोलला नाही, म्हणजे मागितलीसुद्धा नाही, नुसता हात. सुदेशचा हात. शोरूममध्येही असाच पुढे आला असणार, मी हाराकडे बघत होते म्हणून दिसला नाही. मी पर्समधून जुनी चावी काढली आणि त्याच्या तळव्यावर ठेवली. "थँक्यू आई," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा इतका मोकळा झाला की क्षणभर मला त्याची दया आली. क्षणभरच. दोघं खाली उतरले. मी पेटीत बर्फ भरला, नळ्या मोजल्या, रुमाल घेतला. खिडकीतून संचिता बघत होती. म्हणाली, "आई, लागत नाहीये चावी."

"ती रीत त्याला कुठे येते," मी म्हटलं.

"नाही, आत जातच नाहीये." तिने माझ्याकडे बघितलं, मग पेटीकडे, आणि तोंडावर हात घेतला.

खाली गेले तेव्हा पहिल्या मजल्यावरचे दोघे-तिघे गॅलरीत आलेले. साकेत घामाघूम. जुनी चावी बाजूला ठेवून त्याने ऑफिसच्या ड्रॉवरची काढलेली, ती टोकापलीकडे जाईना. नयन मागे हात बांधून उभा. मी म्हटलं, "काढ ना व्हिडिओ. टाक ग्रुपवर. बघू दे सगळ्यांना किती सेकंद लागतात."

"आई, तू लॉक बदललंस?"

"हो."

"मग सांगायचं ना!"

"नुसतं सांगून कळत नाही रे तुम्हाला. म्हणून दाखवलं."

साकेतने ड्रॉवरची चावी खिशात टाकली. कान लाल झालेले, लहानपणी व्हायचे तसे. नयनने घसा साफ केला. "म्हणजे ताई, गाडी विकायची नाही का? कोणाच्या नावावर आहे गाडी?" मी साकेतकडे बघितलं. मला सांगता आलं असतं, पण मी थांबले. पेटी जड होती, हौसाबाईंसारखी दोन म्हातारी माणसं उपाशी बसलेली, तरी थांबले.

"आईच्या," साकेत म्हणाला. मग नयनकडे वळून, "आईची गाडी आहे ती. सॉरी हां, तुम्हाला उगाच फेरी पडली." आणि माझ्याकडे न बघता, हळूच, "एक माझ्याकडे ठेवू का? नाही म्हणजे, हरवलीबिरवली तर."

"तुझ्याकडे आहे की," मी म्हटलं. "दात पडलेत तिचे, पण ठेव. ड्रॉवरला लागते का बघ."

पेटी पायाशी ठेवली, बसले, चावी घातली. हाताने आपोआप ती दाण्याएवढी मागे ओढली, हँडल उजवीकडे घेतलं, अंगठा दाबला. तर चावी अडली. लॉक नवीन होतं, त्याला ते लाड चालत नव्हते. साकेत बघत होता, नयन बघत होता, गॅलरीतले सगळे बघत होते, आणि माझा हात तीन वर्षांची आपली जुनी रीत सोडेना. मी चावी बाहेर काढली. पुन्हा घातली, सरळ, पूर्ण आत, आणि अंगठा न दाबता नुसती फिरवली.